उन्हाळ्याची सुट्टी कुणाकुणाची?



एप्रिल संपत आला, वार्षिक परीक्षेचे पेपर झाले, की आमच्या दारावरून जाणारा जो तो एकच बोलतो, "काय गुरुजी, आता तं मज्जाच हाये तुमची. महिना-दीड महिना पगारी सुट्टी!" बोलणारा कधी गवंडीकाम करणारा असतो, कधी जिनिंगमध्ये हमाली करणारा, कधी नगरपरिषदेच्या सफाई खात्यातला. त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नसतो. ४५ अंशांच्या उन्हात ज्याला दिवसभर राबायचे आहे, त्याला सावलीतल्या माणसाचा थोडा हेवा वाटणारच. आमच्या वस्तीत पन्नासेक घरे आहेत. त्यात उन्हाळ्याची लांब सुट्टी मिळणारे घर आमचे एकटेच. म्हणून या सुट्टीत आमच्या घरात काय चालते आणि ती कुणाच्या वाट्याला किती येते, हे आज मोकळेपणाने सांगावे असे आम्हाला वाटते.

नव्या वाचकांसाठी आधी ओळख. आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी, दुसरी घर सांभाळून शिलाई मशीन चालवणारी गृहिणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्या आणि एक पडवी असे आमचे घर. घरात आजी, म्हणजे गुरुजींची आई. थोरली मुलगी यंदा बारावीला जाईल, धाकटा मुलगा आठवीला. हे सदर एक जण सांगतो, दुसरा लिहितो, आणि मग दोघे मिळून खोडतो.

आधी गुरुजींच्या सुट्टीचा हिशेब देऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरली पाहिजे. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आमच्या विदर्भात तोवर ऊन उतरलेले नसते, म्हणून त्या आणखी उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. १ मे रोजी झेंडावंदन झाले, मुलांच्या हाती निकाल पडला, की सुट्टी लागली असे म्हणायचे.

म्हणायचे एवढ्यासाठी, की ही सुट्टी अखंड हाती येत नाही. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची यादी करायला गावात फेरी मारावी लागते. प्रशिक्षणाचा निरोप येतो. मुलांची माहिती संगणकावर चढवायची राहिलेली असते. कुणाचे आधार कार्डावरचे नाव शाळेच्या नावाशी जुळत नाही, म्हणून त्याच्या बापाला गाठायला त्याच्या कामावर जावे लागते. निवडणूक आली तर विचारूच नका. शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये असे त्याच कायद्यात लिहिले आहे, पण जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक ही तीन कामे त्यातून वगळली आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या राज्यात १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्प्यांत मतदान झाले. आमच्या तालुक्याचे मतदान २६ एप्रिलला होते. गुरुजी आदल्या दिवशी पेट्या घेऊन गेले ते मतदानाच्या दिवशी मध्यरात्रीनंतर घरी आले. शिवाय इतर खात्यांतल्या कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा असते. शाळेतल्या माणसाला लांब सुट्टी मिळते म्हणून ती तशी मिळत नाही.

हे रडगाणे नव्हे. सगळे वजा करूनही महिनाभर तरी हातात उरतोच, आणि पगार चालू असतो. आमच्या शेजारच्या गवंड्याला एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जाते. तेव्हा गुरुजींना सुट्टी आहे, हे आम्ही नाकबूल करत नाही. प्रश्न पुढचा आहे. घरातल्या एकाला सुट्टी लागली, तर घराला सुट्टी लागली का?

मे महिन्यात घरात काय काय असते, ते पाहा. नळाला चौथ्या दिवशी पाणी येते आणि तेही पहाटे साडेचारला. कूलर दिवसाला तीन-चार बादल्या पाणी पितो. गुरुजी घरी, मुले घरी, म्हणजे दुपारचे जेवण घरीच. शाळा चालू असते तेव्हा डबे गेले की दुपारी चूल थंड असते. सुट्टीत ती सकाळपासून रात्रीपर्यंत विझत नाही. त्यात लग्नसराई. मशीनवर ब्लाउजांचा ढीग, आणि प्रत्येकीला ते लग्नाच्या दोन दिवस आधी हवे असते. वर्षाची चार महिन्यांची कमाई गृहिणीला एका मे महिन्यात काढायची असते. म्हणजे गुरुजींना जेव्हा सुट्टी, तेव्हा तिचा हंगाम.

आणि वर्षभराचे वाळवण याच दिवसांत. कुरड्यांचे पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे. मग तो वाटायचा, चीक गाळून काढायचा, रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकून तो चीक मोठ्या गंजात शिजवायचा. शिजताना तो असा घट्ट होत जातो की लाकडी घाटा फिरवता फिरवता मनगट भरून येते. ऊन चढायच्या आत तो साच्यातून दाबून खाटेवर घालायचा. हे काम एकट्या बाईचे नाहीच. वस्तीतल्या चार बाया आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा एकमेकींना सावड देतात. मुलांना गरम चीक साखर-दूध घालून वाटीभर मिळतो. त्या वाटीसाठी धाकटा पहाटे न उठवता उठतो.

त्यात पाहुणे. पुस्तकातली मुले सुट्टीत मामाच्या गावाला जातात. आमच्या मुलांचे मामा पुण्याकडे बांधकामावर आहेत, त्यांचे गाव दर सहा महिन्यांनी बदलते. उलट आमचेच घर कुणाकुणाच्या मामाचे गाव आहे. गुरुजींच्या बहिणीची दोन मुले दर मे महिन्यात आमच्याकडे येतात. भाचा मोठा, भाची दोन वर्षांनी लहान. बहिणीचे गाव जंगलाच्या कडेला आहे. मे महिना म्हणजे तेथे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारात जंगलात जायचे, पाने तोडायची, ऊन तापायच्या आत घरी आणायची, मग दिवसभर बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडीवर द्यायचे. घरातला प्रत्येक हात त्यात लागतो. तरीही आत्या आठ-पंधरा दिवस मुलांना पाठवते, कारण मामाच्या घरी दोन आंबे खायला मिळतील.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. भाचीने तेव्हा सातवीची परीक्षा दिली होती. संध्याकाळच्या एसटीने दोघे बहीण-भाऊ आले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता अंगणात खराट्याचा आवाज आला. गृहिणीने उठून पाहिले, तर भाची अंगण झाडत होती. भाचा कूलरपुढे झोपलेला. पोरीला कुणी काही सांगितले नव्हते. तिने खराटा ठेवला, चहाची भांडी घेतली आणि मोरीवर जाऊन बसली. "अगं, पाहुणी ना तू?" म्हटले तर हसली. म्हणाली, "मामी, सवय हाये."

वाचकहो, हे एका भाचीचे नाही. तुम्ही आपल्या नात्यागोत्यात पाहा. सुट्टीत आलेला मुलगा शेवटच्या दिवसापर्यंत पाहुणाच राहतो. सुट्टीत आलेली मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची होऊन जाते. आणि आपण कौतुकाने म्हणतो, "पोरगी मोठी कामाची आहे हो!" ती कामाची आहे हे खरे. पण तिला सांगावे लागत नाही, हीच वाईट गोष्ट आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात कष्ट इतके मुरले, की पाहुणी म्हणून चार दिवस पाय पसरणेही तिला चुकल्यासारखे वाटते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सगळ्यांना पडवीत बसवले. शाळेचे वेळापत्रक करणे हा गुरुजींचा नेहमीचा धंदा. जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी रकाने आखले. डावीकडे घरातली सगळी कामे लिहिली. ही यादी गृहिणीने सांगितली आणि ती चाळीसच्या वर गेली. पाणी भरणे, कूलर भरणे, निवडणे, दळण, चहा दोन वेळा, भाजी, भाकरी, भांडी, धुणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, आजीचे औषध, संडास घासणे. संडास घासणे हे काम आहे, हे ऐकून धाकटा हसला. मग ते त्याच्याच नावावर लिहिले गेले.

वाटणी अशी झाली. पहाटेचे पाणी गुरुजी आणि भाचा यांच्याकडे. कूलर धाकट्याकडे. सकाळचा स्वयंपाक गृहिणी आणि थोरलीचा, संध्याकाळचा गुरुजी आणि दोन्ही मुलांचा. ज्याने खाल्ले त्याने आपले ताट घासायचे, मोठी भांडी पाळीपाळीने. सकाळी अकरा ते चार मशीनवर काम चालू असेल, तेव्हा गृहिणीला कुणी हाक मारायची नाही. चीक घाटायचे काम गुरुजींचे, कारण त्याला मनगटच लागते. भाचीच्या नावापुढे पहिले आठ दिवस एकच शब्द लिहिला: सुट्टी. आणि बुधवार हा गृहिणीच्या सुट्टीचा दिवस.

आजीला हे पसंत पडले नाही. "गड्यानं चूल फुकली तं लोक काय म्हनतीन?" असे ती दोन दिवस म्हणत राहिली. तिलाही एक वार सुट्टीचा देऊ केला, तर तिने साफ नाकारला. "मले बसवून ठेवलं तं मी मरन," म्हणाली आणि तांदूळ निवडायला घेतले. आम्ही आग्रह केला नाही. जन्मभर मजुरी केलेल्या माणसाचे हात रिकामे ठेवणे ही तिला शिक्षाच. तांदूळ निवडणे तिच्याकडे राहिले.

संध्याकाळच्या चुलीची हकिगत सांगायलाच हवी. गुरुजींना वरण-भात आणि पिठले एवढेच येत होते. पहिला आठवडा घराने तेच आलटून पालटून खाल्ले. कुणाचे काही बिघडले नाही. दुसऱ्या आठवड्यात भाकरीची पाळी आली. थोरली शेजारी बसून सांगायची, पण हात लावायचा नाही हा नियम होता. भाकरी थापताना तुटे, पुन्हा मळावी लागे, पाणी कमी-जास्त होई. महिनाअखेर भाच्याची भाकरी टम्म फुगू लागली. गुरुजींची अजूनही एका बाजूने जाडच असते.

गृहिणीचा पहिला बुधवार वाया गेला. सवयीने ती मशीनवरच बसली. दुसऱ्या बुधवारी दुपारी दोन तास झोपली. लग्न झाल्यापासून आजारपण सोडले तर दुपारची अशी झोप तिला ठाऊक नव्हती. तिसऱ्या बुधवारी सकाळच्या एसटीने माहेरी गेली आणि संध्याकाळी परत आली. ना सण होता, ना कुणाची तेरवी. नुसती आईला भेटून आली. दारात पाहून आई घाबरली होती, की काय भानगड झाली म्हणून ही अशी अचानक आली!

भाचीचे म्हणाल, तर पहिले दोन दिवस तिला काय करावे ते सुचेना. हातात खराटा घ्यायची, धाकटा तक्त्याकडे बोट दाखवायचा. तिसऱ्या दिवशी ती सकाळी आठपर्यंत झोपली. चौथ्या दिवशी थोरलीच्या पुस्तकांच्या पेटीत तोंड घालून बसली. आठ दिवसांत तिने त्या पेटीतली बहुतेक गोष्टींची पुस्तके संपवली आणि मग गुरुजींना विचारले, "मामा, दहावीनंतर पुढं शिकाले किती खर्च येते?" तोवर हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता. विचारायला वेळही लागतो ना!

पण सगळे गोड झाले असे समजू नका. मुले गावी गेली, त्यांनी सांगितले, आणि चार दिवसांनी आत्या स्वतः आली. ती फार बोलली. "माहा लेक मामाच्या घरी आंबे खाले आला होता, भांडे घासाले नाही," हे तिचे पहिले वाक्य. दुसरे वाक्य मात्र आम्हाला गप्प करणारे होते. "तुमचं काय, तुम्ही नोकरीवाले. माह्या घरी पोरीनं काम नाही केलं तं मी पत्त्यावर जाऊ कशी? खाऊ काय?"

हे खरे आहे. आई मजुरीला जाऊ शकते ती मुलगी चूल सांभाळते म्हणून. शाळा चालू असते तेव्हा मुलगी निदान दहा ते पाच सुटते, आणि दुपारची खिचडी शाळेत मिळते. सुट्टी लागली की खिचडीही बंद. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला तो यामुळेच. इतर भागांत मात्र गरिबाच्या मुलीसाठी मे महिना म्हणजे एक जेवण कमी आणि कामाचे तास जास्त. तिला शाळेची सुट्टी नसून सुट्टीत शाळाच नाही, एवढेच.

आत्याला आम्ही एवढेच म्हटले, की तुझ्यावर बोट नाही. पण घरात तिच्याहून दोन वर्षांनी मोठा एक गडी आहे. त्याला पत्ता तोडून आल्यावर पारावर बसायला दोन तास मिळतात, तिला मिळत नाहीत. त्यातला एक तास तिला दे. आत्या चहा न घेता गेली. पुढच्या वर्षी भाची एकटी आली, भाच्याला पाठवले नाही. त्याचे आम्हाला वाईट वाटले. धाकट्याला तर फारच वाटले. पण मुलीला पाठवले, हेही लहान नव्हे.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्या कामगार वाचकांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. सुट्टी ही कुणी दयेने दिलेली वस्तू नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली, आणि बारमाही कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपल्यातला जो कामगार आठवड्याला एक दिवस पाय पसरून बसतो, त्यामागे एवढे झगडणे आहे.

मग हीच मोजपट्टी आपल्या घरात का लावू नये? चुलीपुढच्या बाईचा कामाचा आठवडा किती तासांचा? तिचा रविवार कोणता? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभरात माणसे आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे. आणि ही ८८ मिनिटे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. बहुतेक पुरुष तो लावतच नाहीत. या हिशेबात बाईची मजुरी, शेतातले काम, मशीनवरची शिलाई धरलेली नाही. ते वेगळे. ती आठवड्याचे सातही दिवस पाच तास धरली तरी ३५ तास झाले. त्यावर बाहेरची मजुरी. कारखान्याचा ४८ तासांचा आठवडा ती केव्हाच ओलांडून जाते, आणि तिला ना रजा, ना रविवार.

कुणी म्हणेल, गुरुजींच्या घरी हे जमेल, आमच्याकडे महिनाभराची सुट्टी कुठे? बरोबर. म्हणूनच आमच्या घराची जबाबदारी जास्त आहे असे आम्ही मानतो. वस्तीत एकाच घराला लांब सुट्टी मिळते, तर ती कशी वाटून घ्यायची हे त्या घराने करून दाखवावे. वस्तीतली माणसे पाहत असतातच. गुरुजी पहाटे नळावर गुंड घेऊन उभे राहिले तेव्हा पहिल्या वर्षी बाया पदराआड हसल्या. दुसऱ्या वर्षी त्याच रांगेत आणखी दोन पुरुष होते. यंदा किती आहेत ते आम्ही मोजले नाही. मोजावे असे वाटले नाही, इतके ते साधे झाले आहे.

सुट्टीचा आणखी एक वाटा वस्तीचा असतो. अलीकडे दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यातच लागतात. निकाल लागला की संध्याकाळी आमच्या पडवीत गर्दी होते. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यातले काही ना काही प्रत्येकाचे राहिलेले असते. आमचे सांगणे एवढेच, की निकालाची वाट पाहू नका. परीक्षा संपताच दाखल्यांचे अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि एका दाखल्यापायी मजुरीचे तीन-तीन दिवस बुडतात. दहावीनंतर शिकायला बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींनी सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरावा. तेथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचाही अर्ज करावा. हे फॉर्म भरण्याचे काम आता थोरली करते. तक्त्यात ते तिच्या नावावर आहे आणि त्या वेळात तिला कुणी भाजी चिरायला बोलावत नाही.

यंदा त्या पडवीत भाचीही होती. दहावी पास झाली. आत्या स्वतः घेऊन आली, तीन वर्षांनी आमच्या घरचा चहा घेतला, आणि म्हणाली, "होस्टेलचा फॉरम भरून द्या. दूर असलं तरी चालते." भाचा पुढे शिकला नाही, तो आता गावातच कामाला जातो. भाचीला विचारले, दादा घरी काही करतो का? म्हणाली, "पानी भरते. भाकरीबी टाकते आई नसली तं. भांडे मात्र नाही घासत. मित्र हासते म्हनते." आम्ही म्हटले, अर्धे झाले. उरलेले अर्धे त्याचे लग्न व्हायच्या आत व्हावे, एवढी इच्छा.

तेव्हा ज्यांना लांब सुट्टी नाही त्यांनी काय करावे? तुमच्याकडे आठवड्याचा एक दिवस आहे. रोजंदारीवर असाल तर काम न मिळालेला दिवस आहे. त्या दिवशी एका कागदावर घरातली कामे लिहून काढा. यादी घरच्या बाईला सांगू द्या, तुम्ही फक्त लिहा. मग विचारा, यातले मी काय उचलू? एकच उचला, पण ते कायमचे उचला. पाहुणा आला तरी आणि मित्र हसले तरी सोडू नका. घरात मुलगा असेल तर त्याच्याही नावावर एक लिहा. मोठे झाल्यावर तो आपोआप शिकेल ही आशा खोटी आहे. न शिकलेला मुलगा मोठा होतो आणि तसाच नवरा होतो.

आणि या जूनपर्यंत तुमच्या घरी एखादी भाची, पुतणी, नात सुट्टीला आली असेल, तर उद्या सकाळी तिला झोपू द्या. खराटा तिच्या हाती लागणार नाही असा ठेवा. दोन दिवस ती बावरेल. तिसऱ्या दिवशी ती काय करते, काय विचारते, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रे याच जागी छापू.